सहावीची जागा

माणूस शाळेत पोरीचा बोनाफाईड दाखला आणायला जातो आणि उमेदवार होऊन बाहेर पडतो, हे सांगितलं तर कुणाला पटणार नाही. खुद्द प्रसेनजीत मधाळ्यांनाही ते बरेच दिवस पटलं नव्हतं.

मधाळे सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक. जिल्ह्यातले पूल आधी त्यांच्या हातून कागदावर सरळ होतात आणि मग दुसऱ्या कुणाच्या हातून जागेवर वाकडे होतात, असं ते स्वतः सांगतात. वाकडी रेघ त्यांना सोसत नाही. पावण्यांच्या घरी भिंतीवरची तसबीर कललेली दिसली, तर चहा खाली ठेवून ते ती नीट करतात आणि मगच ख्यालीखुशाली विचारतात. असा माणूस कोल्हापुरातल्या निवडणुकीत पडणं म्हणजे इस्त्रीच्या शर्टानं तालमीच्या लाल मातीच्या हौद्यात उतरणं.

शाळा महापालिकेची, नदीकडच्या पेठेतली. मुख्याध्यापिका सरनाईक बाई. मधाळे त्यांच्या टेबलासमोर दाखल्याची वाट बघत बसले होते. तेवढ्यात बाईंनी दोन अर्जांवर सह्या केल्या, खिचडीची चव घेऊन मीठ कमी असल्याचं खुणेनंच सांगितलं, आणि दारात मारामारी करणारी पोरं चष्मा नुसता कपाळावर सरकवून थंड केली. मधाळे थक्क होऊन बघत राहिले. त्यांच्या खात्यात एवढ्या कामाला चार टेबलं आणि एक पावसाळा लागला असता.

शिक्का मारता मारता बाई म्हणाल्या, की शाळा व्यवस्थापन समितीची मुदत संपली आहे. पालकसभेत नवी समिती निवडायची आहे. सहावीच्या पालकांतून कुणी पुढं येत नाही. महिन्याला एक बैठक, एक चहा आणि शाळेनं आधी काय करावं, मग काय करावं हे ठरवायचं. तुमची पूर्णिमा सहावीत आहेच.

मधाळे म्हणाले, "बघू."

कोल्हापुरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे बाईंना ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पण त्यांनी ते 'हो' असं लिहून घेतलं.

मधाळे घरी पोचेपर्यंत बातमी पोचलेली होती. पायरीवर हंबीरराव बसले होते. हंबीरराव म्हणजे वरच्या तालमीचे वस्ताद. स्वतः आयुष्यात एक निवडणूक लढले नाहीत आणि दुसऱ्याची एक सोडली नाही. दूध संस्था असो, पतसंस्था असो, देवस्थानचे विश्वस्त असोत, हंबीरराव कुणाच्या ना कुणाच्या पाठीशी उभे असायचेच. मधाळ्यांनी त्यांना शांतपणे समजावलं, की ही तसली निवडणूक नाही. दुसरं कुणी उभंच नाही, काम बिनविरोध होऊन जाईल.

हंबीररावांचा चेहरा पडला. "बिनविरोध? मधाळे सायब, बिनविरोध कुणाला सोडत्यात? ज्याच्या जागंवर कुणाची नजर न्हाय त्याला. आमच्या गल्लीचा माणूस असा फुकटात गेलेला मला चालायचा न्हाय."

एवढं बोलून ते उठले आणि खालच्या तालमीत गेले. दोन्ही तालमींचं वैर फुटबॉलमधलं आणि तीन पिढ्यांचं. सामन्याच्या दिवशी एका तालमीतून दुसरीच्या घरात दिलेली मुलगी माहेरच्या संघासाठी ओरडली म्हणून तिच्याशी दोन दिवस कुणी बोललं नव्हतं म्हणतात. त्या तालमीत जाऊन हंबीररावांनी मधाळ्यांविरुद्ध उमेदवार मागितला. खालच्या तालमीनं थोडाही विचार न करता अतुल दिला. अतुलचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. तो खालच्या संघाचा गोलकीपर, आणि त्याचा राजवर्धनही सहावीत. अतुलला समिती म्हणजे काय हे माहीत नव्हतं. पण वरच्या तालमीचा माणूस उभा आहे एवढं कळल्यावर जास्तीची माहिती त्यानं मागितली नाही.

अशा रीतीनं मधाळ्यांना प्रतिस्पर्धी मिळाला, आणि तोही त्यांच्याच प्रचारप्रमुखाकडून.

मधाळ्यांच्या बायकोनं, प्रीतीनं, हे सगळं ओट्याशी उभं राहून ऐकलं आणि विचारलं, की बोनाफाईड आणलाय का. तो बाईंच्या टेबलावर राहिला होता.

पुढचे दिवस मधाळ्यांनी एखाद्या मोठ्या धरणाकडं बघावं तसे बघितले. आपण यात आहोत हे खरं, पण एवढं पाणी आलं कुठून हे कळेना. एका सकाळी ते कामावर निघाले तर शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागलेला. त्यावर मधाळे होते. फोटो कुणाच्या तरी लग्नातला. शेजारच्या नवरीला कापून काढलं होतं, पण तिचा मेंदीचा हात मधाळ्यांच्या खांद्यावर तसाच राहिला होता. खाली नाव 'प्रसनजीत मढाळे' आणि त्याखाली 'पेठेचे शिक्षणसम्राट'. तळाला तालमीतल्या झाडून सगळ्यांचे फोटो, काळ्या चष्म्यांसह. नाव चुकलं याचं मधाळ्यांना वाईट वाटलं. बायको तो हात बघून काय म्हणेल याची थोडी भीतीही वाटली. पण सगळ्यांत जास्त ते हलले अक्षरांनी. 'शिक्षण'मधला 'क्ष' ओळ सोडून खाली आला होता. ते कितीतरी वेळ त्या 'क्ष'कडं बघत उभे राहिले आणि त्या दिवशी खात्यात उशिरा पोचले.

खात्यात वेगळंच चाललं होतं. सरकारी माणसानं निवडणूक लढवायची नाही असा नियम. मधाळे नियमाचे, त्यांनी आपण होऊन परवानगीचा अर्ज दिला. आस्थापना शाखेनं अर्ज वाचून विचारलं, की निवडणूक का? मधाळ्यांनी तो शब्द खोडून 'निवड' केला. शाखेनं शेरा मारला, 'निवड ही निवडणूक नसल्याबाबत खुलासा करावा.' मधाळ्यांनी खुलासा केला, की यात पक्ष नाही, चिन्ह नाही, प्रचार नाही, मिरवणूक नाही, केवळ पालकांनी हात वर करणं आहे. अगदी नेटक्या अक्षरात लिहिलेला तो खुलासा उपअभियंता उदयसिंह साहेबांच्या टेबलावर गेला.

त्याच संध्याकाळी साहेबांची जीप पेठेतून चालली होती. समोरून हलगी आली. हलगीमागं वरची तालीम, तालमीच्या खांद्यावर मधाळे. मधाळ्यांनी साहेबांना बघितलं, साहेबांनी मधाळ्यांना बघितलं. मधाळ्यांना खाली उतरायचं होतं, पण ज्याच्या खांद्यावर ते होते तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. हंबीररावांनी सरकारी जीप बघितली मात्र, दार उघडलं, साहेबांना बाहेर घेतलं, भगवा फेटा बांधला आणि साहेबांचा जाहीर पाठिंबा असल्याचं ओरडून सांगून टाकलं. साहेब मूळचे पंढरपूरकडचे, शांत गृहस्थ. कोल्हापुरात त्यांची बदली नवी होती. त्यांनी फेट्याला हात लावून बघितला आणि मग का कोण जाणे, चार पावलं चालले.

दुसऱ्या दिवशी मधाळे नोकरी गेली असं धरूनच गेले. साहेबांनी खुलासा बाजूला ठेवला होता. त्यांनी एवढंच विचारलं, की ही 'निवड' जर अशी असते, तर तुमच्याकडची निवडणूक कशी असते? साहेबांनी फाईल सभा होईपर्यंत प्रलंबित ठेवली आणि फेट्यातला फोटो कुणाकडं असेल तर पाठवायला सांगितलं.

या सगळ्यात मधाळ्यांनी एक काम मात्र मनापासून केलं होतं. ट्रेसिंग कागदावर, काळ्या शाईनं, त्यांनी 'शैक्षणिक प्राधान्यक्रम' काढला होता. पहिलं काय, दुसरं काय, चौकटी, बाण, उपकलमं. इंग्रजी संभाषण, संगणक, शिष्यवृत्तीचे जादा तास. रोज जेवताना ते त्यातला एखादा भाग वाचून दाखवत आणि प्रीती आमटी वाढत ऐके. कागद सुंदर झाला होता. तो लोकांना दाखवावा म्हणून ते हंबीररावांबरोबर घरोघर निघाले.

तिथं त्यांच्या लक्षात आलं, की कागद उलगडायला जागाच मिळत नाही. प्रत्येक दारात हंबीरराव आधी बोलत आणि एकेक आश्वासन देऊन मोकळे होत. गल्ली संपेपर्यंत शाळेला पोहण्याचा तलाव झाला होता, कुस्तीची मॅट झाली होती आणि दहावीपर्यंतचे वर्ग निघाले होते. मधाळे मागून प्रत्येक घराची माफी मागत. पण माफी मागायला थांबले, की लोक बोलायला लागत.

साचे घालणारा एक मोल्डर उद्यमनगरातल्या फौंड्रीतून आलेला, हात अजून काळे, म्हणाला की माझी पोरगी वर्गात पहिली येते पण तोंड उघडत नाही. तिला प्रश्न विचारायला शिकवा, मला उलट बोलली तरी चालेल. एका आईनं पदर तोंडाला लावून हळूच सांगितलं, की मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत. एका रिक्षावाल्यानं गृहपाठ कमी करा म्हणून हात जोडले, कारण तो त्यालाच करावा लागतो आणि अपूर्णांकात त्याला बाई नापास करतात. मधाळे एकेका दारातून उठत तेव्हा आधीच्या दारातलं मागं पडल्यासारखं वाटे, आणि पुढच्या दारात बसले की तेच पहिलं वाटे. आपल्या पेठेत एवढ्या मागण्या दाराआड बसून आहेत, आणि त्यातली एकही चुकीची नाही, हे त्यांना एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटायला लागलं. बाणांचा कागद त्यांनी गुंडाळून काखेत धरला तो धरलाच.

घाटाच्या शेवटच्या बोळात तानाबाईंचं घर. दोन म्हशी, आणि लेकीमागं राहिलेला नातू, सम्राट. त्याच्या पालक म्हणून शाळेत त्यांचंच नाव. हंबीररावांनी तलावाचं काढल्यावर तानाबाई म्हणाल्या, की तलाव दरसाल घरात येतो, वेगळा नको. हंबीरराव पहिल्यांदाच मध्ये थांबले. तानाबाईंनी मधाळ्यांना विचारलं, "तुमी पुलाचं नकाशं काढतासा न्हवं? मग मला एक सांगा. पाऊस पडतुया तकडं राधानगरीला. हतं कवाकवा ऊन आसतंय. आन पाणी येतंय ते नेमकं माझ्या दारात. ह्ये कसं, ह्ये शाळंत सांगत्यात का पोरास्नी?"

मधाळे म्हणाले, की भूगोलात असतं.

"असंल. पूर आला की मी म्हशी वर बांधून तुमच्या शाळंतच जाऊन ऱ्हातो. भितीवर हत्ती हाय, आंबा हाय. पाणी कुठनं येतंय त्ये कुठं न्हाय. सम्राट रात्रभर खिडकीतनं बघत बसतुया आन मला इचारतुया. मी काय सांगू?"

मधाळ्यांनी घसा साफ केला आणि पाणलोट क्षेत्रातील विसर्ग याविषयी तीन वाक्यं बोलले. तानाबाईंनी ती अदबीनं ऐकली आणि विचारलं, की च्या टाकू का. मधाळे त्या रात्री नीट जेवले नाहीत. नदीवरचे पूल काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि नदी कुठून येते हे त्यांना एका बाईला सांगता आलं नव्हतं. प्रीतीनं कारण विचारलं. त्यांनी सांगितलं. त्या दिवशी तिनं आमटी वाढली नाही, ऐकत बसली.

पालकसभेच्या दिवशी शाळेचं मैदान भरलं. सरनाईक बाईंनी दरसालच्या हिशेबानं थोड्याच सतरंज्या काढल्या होत्या. त्या भरल्या, मग पायऱ्या भरल्या, मग वर्गाच्या खिडक्या. पाळी बदलून आलेले कामगार होते, दूध घालून आलेल्या बाया होत्या, नातवंडांबरोबर आलेल्या आज्या होत्या. दोन्ही तालमी मधली वाट सोडून बसल्या होत्या. मतदानाचा हक्क यातल्या निम्म्यांनाही नव्हता. खुद्द हंबीररावांना नव्हता, कारण त्यांच्या घरातलं शेवटचं पोर या शाळेतून बाहेर पडून आता स्वतः टकलं झालं होतं. पण सगळे आले होते. मधाळ्यांना वाटलं, की बोनाफाईड नेला असता आणि घरी गेलो असतो, तर हे बघायला मिळालं नसतं.

खालच्या वर्गांच्या जागा पटापट भरल्या. हात वर होत, बाई मोजत, नाव वाचत, टाळ्या पडत. शेवटी सहावी आली. मधाळे उठले, काखेतला कागद सरळ केला. समोरून अतुल उठला, गोलपोस्टमध्ये उभा राहतो तसा थोडा वाकून. हलगीवाला तयार झाला.

बाईंनी चष्मा कपाळावर नेला. मैदान गप्प झालं.

बाई म्हणाल्या, की समितीत निम्म्या महिला हव्यात, हा नियम आहे. आतापर्यंतच्या जागांवर पुरुष जास्त आले. तेव्हा ही शेवटची जागा महिलेचीच. पुरुष जास्त झाले तर शेवटची जागा महिलेला जाईल, ही सूचना फाटकाजवळच्या फलकावर पंधरवड्यापूर्वीच लावली आहे.

सगळ्यांच्या माना फाटकाकडं वळल्या. फलक दिसत नव्हता. त्यावर मधाळ्यांचा फ्लेक्स होता, मेंदीच्या हातासकट.

हंबीरराव फ्लेक्स सोडवायला फाटकाकडं धावले. ते पोचेपर्यंत खालच्या तालमीनं अतुलच्या बायकोचं, शिवानीचं नाव पुकारलं. मग वरच्या तालमीनं प्रीतीचं पुकारलं. हलगीवाला कुणाची वाजवायची म्हणून दोघांकडं बघायला लागला. मधाळ्यांनी बायकोकडं बघितलं ते माफी मागायच्या नजरेनं. प्रीतीला सभेत बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ती उठली. पदर खोचला. तिनं त्यांच्या हातातला कागद घेतला, आणि ती आता हा वाचणार म्हणून मधाळे धास्तावले. पण तिनं तो गुंडाळला आणि परत त्यांच्याच हातात दिला.

"ह्यांनी पुष्कळ काढलंय आणि सगळं बरोबर काढलंय," ती म्हणाली. "रोज जेवताना ऐकलंय मी. पण शाळेला एका वेळी एकच काम सांगावं. घरातसुद्धा तेच चालतं. कडी उद्या लागेल, त्याला समिती लागत नाही, खिळे लागतात. समितीनं ठरवायचं ते एवढंच, की आपल्या पोरांना आपलं पाणी कुठून येतं ते दिसलं पाहिजे. वाचून नव्हे. दिसलं पाहिजे." मग तिनं तानाबाईंचा प्रश्न सांगितला, तानाबाईंच्याच शब्दांत, आणि खाली बसली.

त्या पेठेत पूर न आलेलं घर शोधून सापडलं नसतं. मागून शिवानी उठली. शाळेच्या फाटकाशी रोज प्रीतीबरोबर उभी राहणारी बाई ती. तिनं आपल्या तालमीकडं न बघता सांगितलं, की माझं नाव मागं घ्या, माझं मत प्रीतीवैनींना. अतुलनं एकदा बायकोकडं, एकदा तालमीकडं बघितलं आणि हात वर केला. मग वर झालेल्या हातांत बाईंना आकाश दिसेना.

काम बिनविरोध झालं. हंबीररावांनी तेही सोसलं.

घरी येताना मधाळे प्रीतीकडं पुन्हा पुन्हा वळून बघत होते. चौदा वर्षं ज्या बाईबरोबर ते जेवत होते ती आज त्यांना नव्यानं भेटली होती, आणि तिच्याशी बोलायला कुठून सुरुवात करावी हे त्यांना समजेना. शेवटी तीच म्हणाली, की नकाशा तुम्ही करायचा आहे, मैदानावर, सिमेंटचा. उंचसखल. वरून पाणी ओतलं की आपोआप खाली आलं पाहिजे. समितीचा ठराव समजा. मधाळे 'बघू' म्हणाले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू झालं. वाळू वरच्या तालमीनं आणली म्हणून खडी खालच्या तालमीनं आणली. मधाळ्यांनी कोपऱ्यात सह्याद्री उभा केला, त्यातून भोगावती काढली, तुळशी, कुंभी, कासारी काढल्या, चिखलीजवळ त्या एकत्र करून पंचगंगा केली आणि कोल्हापूरला वळसा घालून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत नेऊन सोडली. हंबीररावांचं मूळ गाव मलकापूर. मलकापूरचं पाणी कडवीतून वारणेला जातं, कोल्हापूरला येतच नाही, हे कळल्यावर ते दिवसभर रुसले. त्यांनी मधाळ्यांना एक छोटासा कालवा काढायला सांगून बघितलं. मधाळ्यांनी नकार दिला. रेघेच्या बाबतीत ते कुणाला ऐकत नसत.

पहिली चाचणी झाली तेव्हा राधानगरीला ओतलेलं पाणी चार बोटं पुढं गेलं, थांबलं, वळलं आणि थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरलं. बाईंनी पाय वर घेतले आणि सह्या चालू ठेवल्या. मैदानालाच उलटा उतार आहे, हे आरेखकाच्या लक्षात आलं नव्हतं. मधाळ्यांचं तोंड एवढंसं झालं. अतुलनं मग फुटबॉल आणला. तो जागोजागी सोडायचा, चेंडू कुठं घरंगळतो ते बघायचं, तिथं मधाळ्यांनी खूण करायची. सगळा सह्याद्री फोडून पुन्हा वीतभर उंच केला.

शाळा उघडल्यावर एका सकाळी सगळी पेठ पुन्हा जमली. भाषण नव्हतं, हलगी नव्हती. साहेबही आले होते, फेट्याशिवाय. बाईंनी पोरांना कडेनं बसवलं. मोठ्या घागरी भरून ठेवल्या होत्या. कुणी राधानगरीला ओतली, कुणी गगनबावड्याकडं, हंबीररावांनी मलकापूरवर झुकून ओतली.

पाणी आधी डोंगरातच घुटमळलं. मग एक बारीक धार निघाली. धार वळणं घेत उतरली. तिला तुळशी येऊन मिळाली, मग कुंभी, आणि कासारी आली तेव्हा पंचगंगा अशी फुगली, की कोल्हापूरच्या वळणावर ती काठ सोडून बाहेर पसरली. मधाळ्यांनी तिथं घाट काढला होता, आणि घाटाशेजारी एक इवलंसं चौकोनी घर. पसरलेलं पाणी त्या घराला शिवलं आणि तिथंच थांबलं, मूळ धार पुढं वाडीकडं निघून गेली. सम्राट पोटावर पालथा पडून ते बघत होता. तानाबाई त्याच्यामागं उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून राधानगरीकडं बघितलं, मग घराकडं, पुन्हा राधानगरीकडं.

"येवढ्या लांबनं चालत येतंय व्हय," त्या म्हणाल्या. "मग बसणारच की दारात, दमून."

तिकडं हंबीररावांचं पाणी आपल्या वाटेनं, कुणाला न विचारता, वारणेतून कृष्णेला लागलं होतं आणि सांगलीवरून वाडीकडं येत होतं. हंबीरराव त्याच्या बाजूनं गुडघ्यांवर सरकत निघाले होते. वाडीला दोन्ही पाणी एक झालं तेव्हा त्यांनी नकळत हात जोडले. मधाळ्यांनी आयुष्यात शेकडो रेघा मारल्या होत्या. त्यातली एकही त्यांनी हललेली बघितली नव्हती. त्यांना चष्मा पुसावा लागला.

वाडीपाशी नकाशा संपत होता. पुढं कंपाउंडची भिंत. पाणी भिंतीला टेकलं, जरा साचलं. पूर्णिमेनं विचारलं, की पप्पा, पुढं? मधाळे उत्तर जुळवत होते, तेवढ्यात भिंतीच्या बुडाशी पावसाच्या पाण्यासाठी ठेवलेलं भोक पाण्याला सापडलं. ते गर्रकन फिरलं आणि बाहेर पडलं. पोरं उठली आणि फाटकातून पळाली. मागून प्रीती, शिवानी, दोन्ही तालमी, साहेब, आणि सर्वांत शेवटी चष्मा हातात धरलेले मधाळे. बाहेर बोळात उतार होता. पाणी गटारीच्या कडेनं, धूळ गोळा करत, घाटाच्या दिशेनं चाललं होतं.

मधाळ्यांनी नदी वाडीला संपवली होती. पाण्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. ते बोळ उतरून सरळ खऱ्या पंचगंगेकडं निघालं होतं, आणि सगळी शाळा त्याच्याबरोबर धावत होती.